भाऊ उठून जातात तेव्हा

निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला की पहिला क्षणभर काहीच होत नाही. मग बारीक तडतड ऐकू येते आणि तिच्यामागोमाग तो वास येतो: तिखट, उबदार, डोळ्यांना किंचित झोंबणारा आणि तरीही माणसाला जवळ ओढून घेणारा. यंदाच्या पौषात, सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो वास तब्बल चौतीस वर्षांनी दरवळला. मधली सारी वर्षे तो कुठे होता? वास कुठे जातात, आणि माणसाच्या कोणत्या कप्प्यात इतके निमूट पडून राहतात? लोखंडी घमेल्यात मी निखारे फुलवत होते आणि त्या निळसर धुरातून मला माझा मुलगा चार महिन्यांचा दिसत होता; त्याच्याही पलीकडे रहिमतपूरजवळच्या आमच्या गावातले, शेणाने सारवलेले सोपे दिसत होते. डोळ्यांत धूर गेला म्हणून पुसले, असे मी सुनेला सांगितले. ते अर्धे खरे होते.

सुनेने, म्हणजे नेहाने, त्या धुरालाही आधीच मर्यादा घालून दिली होती. बाळाला धूर द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते आणि धुरीशिवाय अंघोळ पुरी होत नाही, असे माझे म्हणणे होते. शेवटी आमच्यात तह झाला: धुरी फक्त दुपट्याला, बाळाला नाही, आणि तीही मागच्या गॅलरीत. मग ते ऊब धरलेले दुपटे माझा मुलगा समीर दोन्ही हातांवर घेई आणि त्यात आपल्या चार महिन्यांच्या लेकीला, इराला, गुंडाळून छातीशी धरी. हल्ली बापालाही बाळासाठी रजा मिळते. ती पदरात पाडून तो पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आला होता, कारण घरात तिला बघायला आतुर झालेले एक माणूस होते. माझे वडील. वय वर्षे शहाऐंशी. मोतीबिंदू काढायला गावाहून माझ्याकडे आलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी आणि वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही अशी ताकीद मिळाल्यामुळे दिवसभर हॉलमधल्या लाकडी खुर्चीत बसून राहिलेले. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. मीही.

तुमच्यापैकी जे मला ओळखतात त्यांना ठाऊक असेल की पस्तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि तरी लाल पेन माझ्या हातातून पुरते सुटलेले नाही. इरा जन्मली त्या सकाळी समीरने मित्रांना पाठवायचा मजकूर आधी मला तपासायला पाठवला. लिहिले होते, 'आय हॅव फादर्ड अ डॉटर.' इस्पितळाच्या त्या बाकावर, सुनेच्या काळजीने रात्रभर जागी असलेली मी, इतकी हसले की शेजारची बाई सरकून बसली. मी त्याला फोन करून म्हटले, 'अरे, घोड्याच्या पैदाशीबद्दल बोलतात तसे झाले हे. बिकेम अ फादर लिही.' तो म्हणाला, 'आई, दोन्हींत फरक काय? झालो ना बाप?' फरक काय, हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवत आले होते, पण त्या दिवशी ते समजावून सांगायला सवड नव्हती.

तो फरक असा आहे. इंग्रजीत 'टु फादर' असे क्रियापद आहे आणि 'टु मदर' असेही आहे. वरून पाहावे तर दोन्ही जुळी भावंडे वाटतात. पण पहिल्याचा अर्थ बहुधा केवळ जन्मास कारण होणे, आणि दुसऱ्याचा अर्थ न्हाऊमाखू घालणे, भरवणे, उशाशी बसणे, काळजी करणे. पुरुषाच्या क्रियापदाला एक क्षण पुरतो, बाईच्या क्रियापदाला आयुष्य अपुरे पडते. शतकानुशतके त्या भाषेतल्या माणसांनी घराघरांत जे पाहिले तेच शब्दांत साचले असेल का? पुढे त्यांनाही ही विषमता टोचली असावी, म्हणून 'पेरेंटिंग' हा दोघांना सामावून घेणारा शब्द त्यांनी प्रचारात आणला. आम्ही त्याला पालकत्व म्हणतो आणि तो शब्द शाळेच्या सभेखेरीज कुठे तोंडात येत नाही. आमच्या गावात कुणी कुणाचे पालकत्व केलेले मी ऐकले नाही. पोरे सांभाळली, वाढवली, हाताखाली आणली, असेच ऐकले.

आणखी एक जोडी मी आवडीने शिकवत असे. 'फादर ऑफ' आणि 'फादर टू'. पहिली जोड जन्माच्या दाखल्यावरची: अमुक हा तमुकाचा बाप. ती रक्ताने मिळते, एकदा मिळाली की कुणाला काढून घेता येत नाही आणि टिकवण्यासाठी काही करावेही लागत नाही. 'ही वॉज अ फादर टू मी' म्हणणारा मात्र दाखल्याबद्दल बोलत नसतो. तो एका माणसाने त्याच्यासाठी केलेल्या हजार लहानसान गोष्टींबद्दल बोलत असतो. आणि 'लाइक अ फादर' म्हटले की माया तीच, पण त्या माणसाला एक पाऊल उंबऱ्याबाहेर उभे केलेले असते. एकदा एका विद्यार्थिनीने रजेच्या अर्जात 'माय लाइक-फादर इज डेड' असे लिहिले होते. मी सवयीने त्याखाली लाल रेघ ओढली. ती आठ दिवसांनी वर्गात आली तेव्हा कळले की लहानपणापासून तिला वाढवणारा चुलता गेला होता. तिचे वाक्य चुकीचे होते, पण त्याहून अचूक वाक्य मला आजवर रचता आलेले नाही. त्या रेघेची लाज मला अजून वाटते.

हे सगळे मी इतक्या तन्मयतेने का शिकवत असे, याचे कारण वर्गाला माहीत नव्हते. मी मनातल्या मनात माझ्या वडिलांची जागा फार पूर्वीच ठरवून टाकली होती. ते माझे 'फादर ऑफ' होते. 'फादर टू' ते होते माझ्या चुलतबहिणीचे, सुनंदाचे.

आमच्या घरची रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण हल्लीच्या मुलांना ती सांगूनही खरी वाटत नाही. आमचे एकत्र घर. सर्वांत वर आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांचे दोन मुलगे. थोरले दादा, माझे चुलते, सैन्यात. आणि धाकटे भाऊ, माझे वडील, घरचा ऊस आणि जनावरे बघणारे. धाकट्या दिराला चुलतीने भाऊ म्हटले, गड्यांनी म्हटले, म्हणून मीही भाऊच म्हटले. बाबा हा शब्द मी पुस्तकात वाचला. पण खरी रीत ही नव्हे. खरी रीत अशी होती की थोरल्या माणसांसमोर बापाने स्वतःचे मूल उचलून घ्यायचे नाही. भावाचे मूल खुशाल घ्यावे, खांद्यावर बसवावे, त्याचे लाड करावेत. त्यात शोभाच होती. स्वतःचे मूल घेणे म्हणजे चारचौघांत आपल्या संसाराचे प्रदर्शन मांडणे. तात्यांसमोर तर ते अशक्यच. आणि तात्या सोप्यातल्या त्यांच्या घोंगडीवरून दिवसाकाठी फार तर दोनदा उठत.

म्हणून काय होई, की तिन्हीसांजेला भाऊ रानातून आले की पायावर पाणी घेत आणि सुनंदाला उचलून खांद्यावर घेत. मी खांबाला धरून बघत राही. वर्षातून दोन महिने दादा रजेवर येत, त्यांच्या काळ्या ट्रंकेला एक वेगळाच परका वास असे, आणि आल्याआल्या ते मला उचलून घेत. तेव्हा खांबाला धरून सुनंदा उभी असे. सुनंदा आता वाईला असते, नातवंडांत रमलेली. मागे एकदा फोनवर हा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, 'शालन, तुझा बाप माझ्या वाट्याला आला न् माझा तुझ्या. पर माझा वर्सातनं दोनच म्हैनं यायचा गं. तुझं लय नुकसान झालं.' ती हे थट्टेत म्हणाली. मीही हसले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

नुकसानाचा एक दिवस मात्र माझ्या शरीरावरच कोरलेला आहे. मी सात वर्षांची असेन. खळ्यावर कडब्याने भरलेली गाडी उभी होती आणि कुणाचे लक्ष नाही असे बघून मी वरपर्यंत चढले होते. बैलांनी मान हलवली, गाडी हिसकली आणि मी खाली आले ती डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. वेदनेने आणि भीतीने किंचाळत असताना मला भाऊ दिसले. ते माझ्या दिशेने दोन पावले धावत आले आणि थांबले. खळ्याच्या कडेला तात्या उभे होते. भाऊंनी आमच्या वाटेकऱ्याला हाक मारली, 'आरं शिदा, पोरीला उचल की.' शिदानानाने मला उचलले, रिकाम्या गाडीत ठेवले, तात्या माझे डोके मांडीवर घेऊन बसले आणि रहिमतपूरपर्यंतची तीन कोसांची वाट सुरू झाली. भाऊ गाडीत बसले नाहीत. ते गाडीच्या कडेला हात धरून चालत राहिले, मी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि ते बैलांकडे पाहत राहिले. हात बरा झाला, पण कोपर तेव्हापासून पुरता सरळ होत नाही. फळ्यावरची वरची ओळ मी नेहमी उजव्याच हाताने पुसली.

माणूस मोठे होते, शिकते, रीतीभातींचा समाजशास्त्रीय अर्थ लावू लागते. तो मीही लावला. वडिलांचा दोष नव्हता, काळाचा होता, हे मी शंभरदा स्वतःला पटवले. पण पटणे ही बुद्धीची गोष्ट आहे आणि थांबलेली ती दोन पावले बुद्धीत नव्हती. तात्या गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तोवर उचलून घेण्याचे माझे वय निघून गेले होते. भाऊंनी माझे शिक्षण केले, लग्न केले, बाळंतपणे केली, यजमान गेले तेव्हा महिनाभर माझ्याकडे येऊन न बोलता बसून राहिले. तरीही त्यांनी मला स्वतःच्या हातांनी उचलल्याची एकही आठवण माझ्याजवळ नाही. तुम्ही म्हणाल, एकसष्टाव्या वर्षी हे काय घेऊन बसलीस? मलाही तसेच वाटते, पण बसले आहे खरी.

आणि आता, यंदाच्या पौषात, तेच पुन्हा माझ्या घरात घडू लागले. पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही. इराची अंघोळ झाली, समीरने तिला दुपट्यात गुंडाळून छातीशी घेतले, तिच्या नाकाला नाक लावून काहीबाही बडबडू लागला, तशी भाऊंनी काठी चाचपली आणि खुर्चीतून उठून ते पुढच्या गॅलरीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी समीरने तिला ते हल्लीचे कापडी झोळणे बांधून पोटाशी अडकवले आणि तसाच घरभर फिरू लागला, तेव्हा भाऊ सकाळपासून दुपारपर्यंत गॅलरीतच बसले. वारे बोचरे होते. मी शाल नेऊन दिली, आत चला म्हटले, तर म्हणाले, 'बरं हाय हितं.' इरा माझ्याजवळ किंवा नेहाजवळ असली की ते आत येत, काळ्या चष्म्याआडून तिच्याकडे टक लावून बघत, चुटक्या वाजवत. समीरने हात पुढे केला की त्यांची काठी वाजलीच.

नेहाला ते लागले. ती चांगल्या स्वभावाची आहे, पण तिच्याही माहेरी कुणाकुणाच्या तोंडून 'पहिली बेटी' वगैरे सांत्वने ऐकून तिचे कान पोळलेले होते. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात कणीक मळताना ती एकदम थांबली आणि म्हणाली, 'आई, पणजोबांना मुलगी झालेली आवडली नाही का? समीरनं तिला जवळ घेतलेलं त्यांना बघवत नाही. आज तर तोंड फिरवून गेले.' मी काहीतरी सारवासारव केली. पण समीरनेही ते मनावर घेतले होते. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी निघायचे होते, ते याच गुरुवारी निघू म्हणाला, कामाचे निमित्त सांगून. त्याला खोटे बोलता येत नाही. बोलताना तो कान खाजवतो. त्या मुलीला पणजोबांनी पुरते पाहिलेसुद्धा नव्हते. शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत पुढच्या खेपेचा भरवसा कोण देणार?

खरे सांगू, मला त्या क्षणी दुःख झाले नाही, राग आला. चोपन्न वर्षे जुना, व्यवस्थित घडी घालून ठेवलेला राग. माझ्या वाट्याला जे आले ते मी सोसले, पण माझ्या मुलाच्या ओंजळीतले सुख ज्या माणसाला बघवतही नाही, त्याला काय म्हणावे? रीतही आता कुठे उरली होती? मी पिठाचे हात तसेच घेऊन गॅलरीत गेले. भाऊ उन्हाच्या तुकड्यात बसले होते. मी आयुष्यात प्रथमच त्यांना आवाज चढवून विचारले, 'भाऊ, समीरनं पोरीला घेतलं की तुम्ही उठून का येता? मुलगी झाली म्हणून? का आपलं लेकरू कुणी जवळ घेतलेलं तुम्हाला बघवतच नाही?'

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत, पण कपाळावरच्या आठ्यांवरून ते खरोखरच गोंधळल्याचे दिसत होते. 'आगं, काय बोलतीस शालन? पोरगी झाली म्हनून? लक्ष्मीवानी हाय की ती.' मग लहान मुलाला समजावून सांगावे तसे म्हणाले, 'त्यो बाप हाय न्हवं तिचा. म्हाताऱ्या मानसाम्होरं बापाला लेकरू मोकळं घेता येतं व्हय? मी बसलो तर त्येचा हात आखडंल. म्हनून उठतो. घिऊ दे की त्येला मनासारखं.'

मी दाराला टेकले. आतून समीरचे ते अर्थहीन बोबडे बोलणे ऐकू येत होते. त्याचा हात कशानेच आखडत नव्हता आणि आखडावा असे जगात काही असते हे त्याला ठाऊकही नव्हते. भाऊ समोरच्या गुलमोहोराकडे बघत होते. पुढचे ते मला उद्देशून बोलले की झाडाला, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

'आमचं तात्या कवा उठलंच न्हाईत,' ते म्हणाले. 'मी लय वाट बघायचो. वाटायचं, आता उठत्याल, गोठ्याकडं जात्याल, मग घिऊ. तू रांगत माझ्या पायापत्तुर यायचीस न् धोतर धरायचीस. मी पाय मागं घ्यायचो. त्येंच्या ध्यानातच आलं न्हाई कवा. मानूस वाईट न्हवता. पर उठला न्हाई. तवाच मनाशी ठरवलं हुतं, आपन थोरलं झालो की उठायचं.'

मला एकदम समीर लहान असतानाचे गावचे दिवस आठवले. माझे यजमान कुरकुरत, तुझे वडील जावई आला की घरात टिकतच नाहीत; मी मुलाला घेतले की हे चालले मळ्यात. आम्ही त्याला मानीपणा म्हटले, तिरसटपणा म्हटले. तो माणूस ऐन दुपारी उन्हात निघून जाई ते आमच्यासाठी घर मोकळे करून देण्यासाठी, हे आमच्या दोघांच्याही मनात आले नाही. यजमान तर हे न कळताच गेले. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याला द्यावे, हे पुष्कळांना सुचते. पण आपल्याला जे हवे होते ते डोळ्यांसमोर घडत असताना, ते पाहण्याचेही सुख सोडून, उठून बाहेर जाऊन बसावे, हे कोणत्या जातीचे प्रेम? माझ्या पस्तीस वर्षांच्या अध्यापनात, 'ऑफ' आणि 'टू' आणि 'लाइक' या साऱ्या कप्प्यांत, मी या माणसाला चुकीच्या कप्प्यात ठेवले होते. आणि बरोबर कप्पा कोणता, हे मला ना इंग्रजीत सांगता येत होते, ना मराठीत. माझ्या हातांवरची कणीक वाळून पांढरी झाली होती.

दुपारी मी समीरला आणि नेहाला जवळ बसवून सगळे सांगितले. खळे, गाडी, घोंगडी, सगळे. समीर आपल्या हातांकडे बघत राहिला. नेहा उठून बॅगेत भरलेली झबली पुन्हा दोरीवर वाळत घालू लागली. झबली कोरडीच होती, पण तिला काहीतरी करायचे होते. गुरुवारच्या गाडीबद्दल पुढे कुणी शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे निखारे फुलले, ओवा तडतडला, दुपटे धुरावले. मी ते आणून भाऊंच्या मांडीवर ठेवले. 'जरा धरा, ऊब जायला नको,' म्हटले. वजन उचलायची बंदी होती, दुपट्याची नव्हती. त्यांनी ते दोन्ही तळहातांत दाबून धरले. इरा न्हाऊन आली, समीर पुढे झाला, आणि भाऊंचा हात सवयीने काठीकडे गेला. तेव्हा नेहा त्यांच्या खुर्चीपाशी वाकली आणि म्हणाली, 'पणजोबा, तुम्ही बसा ना. तुम्ही बघितलंत तर त्याला जास्त आवडेल.' भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्यांनी दुपटे समीरच्या हाती दिले आणि ते खुर्चीच्या काठावर, उठायच्या बेतात असल्यासारखे बसून राहिले. समीरने लेकीला गुंडाळले, छातीशी घेतले, नाकाला नाक लावले. पहिल्यांदा भाऊंनी मान खाली घातली. मग थोडी वर केली. मग ते पाठ टेकून बसले, आणि त्यानंतर किती तरी वेळ त्यांनी नजर हलवली नाही.

त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. मी बाटली घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले, चष्मा उतरवला, डाव्या हाताने त्यांची पापणी वर धरली. कोपर त्यांच्या तोंडासमोर आले. थेंब पडायच्या आत त्यांनी हात उचलून ते धरले. जिथे हाड जरा वर उचललेले आहे, बरोबर तिथे, न चाचपता, अंगठा ठेवला.

'ह्योच न्हवं?' ते म्हणाले. 'लय आरडली हुतीस. तीन कोस चाललो, पर तात्या गाडीतनं उतरलं न्हाईत.'

त्यांनी आजूबाजूला पाहिले, समीरकडे, नेहाकडे, रिकाम्या सोफ्याकडे, जणू खात्री करून घेत होते. 'आता माझ्यापरीस थोरलं कोन हाय हितं,' असे पुटपुटले आणि माझे डोके धरून आपल्या खांद्याशी घेतले. बाटली माझ्या हातातून घरंगळली. त्यांच्या तळहातांना ओव्याचा, शेप्याचा, धुराचा वास लागला होता, आणि तो वास मी आधी कधी इतक्या जवळून घेतला नव्हता. मी एकसष्ट वर्षांची बाई तशीच फरशीवर बसून राहिले. पलीकडे समीर लेकीला घेऊन उभा होता. कुणीच उठून गेले नाही.